कानाचं मशीन किती वर्षं टिकतं? आरआयसी, बीटीई आणि सीआयसी, तिन्हींचा वापराच्या अंगाने आढावा

श्रवणयंत्राच्या दुकानात ‘हे किती वर्षं चालेल?’ असं विचारलं की ‘पाच वर्षं’ हे उत्तर ठरलेलं असतं. आकडा खोटा नाही. कानामागे बसणारं मशीन साधारण ५ ते ७ वर्षं आणि कानाच्या आत बसणारं ४ ते ५ वर्षं चालतं. सांगायचं राहून जातं ते एवढंच की आतली चिप फारशी बिघडत नाही. मळाने बुजते ती जाळी, दमतो तो रिसीव्हर (आवाज सोडणारा छोटा स्पीकर), कडक होते ती नळी, क्षमता घटते ती बॅटरी. प्रत्येक भाग आपापल्या वेगाने झिजतो. त्यातले बहुतेक बदलता येतात. कुठला भाग कधी बदलायचा हे घरात कोणाला सांगितलेलंच नसतं, म्हणून चांगली मशीनं दुसऱ्या वर्षी कपाटात जाऊन पडतात.

त्यामुळे हा आढावा एखाद्या मॉडेलचा नाही. दुकानात सहसा ज्या तीन घडणी समोर ठेवल्या जातात, त्या आपल्या हवेत, आपल्या घामात, केसांच्या तेलात आणि जाणाऱ्या विजेत किती टिकतात, हे इथे पाहिलं आहे.

निकाल आधीच सांगतो. वयामुळे ऐकणं कमी झालेल्या बहुतेकांसाठी मध्यम किमतीचं आरआयसी, म्हणजे ज्याचा रिसीव्हर बारीक तारेने कानात जातो ते मशीन, दोन्ही कानांना घ्यावं. ऐकणं फारच कमी असेल, कान वाहत असेल किंवा बोटं थरथरत असतील तर मोल्ड, म्हणजे कानाच्या मापाचा साचा, लावलेलं कानामागचं बीटीई. कानात पूर्ण दडणारं सीआयसी केवळ ‘दिसू नये’ म्हणून घेऊ नये.

आधी कान कसा ऐकतो ते

मशीनची किंमत कळायला कानाचं काम कळावं लागतं. बाहेरून आलेला आवाज सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीच्या नळीतून पडद्यावर आदळतो. मळ या नळीच्या फक्त बाहेरच्या एक तृतीयांश भागातल्या कातडीत तयार होतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, सीआयसीच्या वेळी उपयोगी पडेल.

पडद्यामागे तीन हाडं आहेत: हातोडी, ऐरण आणि रिकीब. रिकीब जेमतेम तीन मिलिमीटरची, शरीरातलं सगळ्यात लहान हाड. या साखळीचं काम हवेतला आवाज आतल्या द्रवात उतरवणं. हवेतला आवाज थेट पाण्यावर पडला तर जवळजवळ सगळा परत फिरतो. नदीत डुबकी मारल्यावर काठावरची बोलणी ऐकू येत नाहीत ती याचमुळे. कान यावर दोन युक्त्या करतो. पडद्याचं क्षेत्रफळ रिकिबीच्या तळाच्या सुमारे १७ पट आहे, आणि हाडांच्या तरफेमुळे आणखी सुमारे १.३ पट जोर मिळतो. दोन्ही मिळून दाब २२ पटींच्या आसपास वाढतो. या भागात बिघाड असेल, म्हणजे पडद्याला भोक असेल, मागे पाणी साचलं असेल किंवा रिकीब जखडली असेल, तर बऱ्याचदा औषधाने किंवा शस्त्रक्रियेने फरक पडतो. म्हणूनच मशीनच्या आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जायचं असतं.

खरी गोष्ट त्यापुढे घडते. कर्णावर्त म्हणजे अडीच वेढ्यांचा शंख. उलगडला तर सुमारे ३५ मिलिमीटर लांबीचा. त्यात एक पट्टी ताणलेली असते आणि तिच्यावर केशपेशींच्या रांगा असतात: आतली एक रांग सुमारे ३,५०० पेशींची, बाहेरच्या रांगा मिळून सुमारे १२,०००. तोंडाजवळची पट्टी उंच सुरांना हलते, टोकाकडची खालच्या सुरांना. आवाजाची ही लाट पट्टीवर कशी धावते हे दाखवणाऱ्या गेऑर्ग फॉन बेकेशी यांना १९६१चं नोबेल मिळालं. आतल्या रांगेतल्या पेशी मेंदूकडे संदेश पाठवतात. बाहेरच्या रांगेतल्या पेशी स्वतः आखूड-लांब होऊन हलक्या आवाजाला जोर देतात. कानातला हा जन्मजात ॲम्प्लिफायर आहे. माणसात या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

वयाचा आणि गोंगाटाचा मार सर्वांत आधी तोंडाजवळच्या, म्हणजे उंच सुरांच्या पेशींवर बसतो. याचा मराठी बोलण्यावर काय परिणाम होतो ते पाहा. आ, ओ, ऊ या स्वरांचा जोर खालच्या पट्टीत असतो, तर ‘स’चा सुसकारा ४,००० हर्ट्झच्या वर. ख, थ, फ, ठ यांना क, त, प, ट यांपासून वेगळं करणारी श्वासाची फुंकर क्षणभराची आणि अगदी हलकी असते. ती फुंकर हरवली की ‘साथ’ आणि ‘सात’ एक होतात. ‘स’ पण गेला की उरतो नुसता ‘आत’. ‘पाच’ आणि ‘पास’ यांतही फरक राहत नाही. घरातली मोठी माणसं ‘ऐकू येतं गं, पण कळत नाही’ म्हणतात तेव्हा ती अगदी अचूक वर्णन करत असतात. त्यांना स्वर ऐकू येतात, व्यंजनं गळतात. अशा वेळी ओरडून बोललं की स्वर आणखी मोठे होतात आणि व्यंजनं होती तिथेच राहतात.

दुसरी अडचण अशी. बाहेरच्या रांगेतल्या पेशी गेल्या की हलके आवाज नाहीसे होतात, पण मोठे आवाज जवळपास पूर्वीइतकेच मोठे लागतात. त्यामुळे ज्या आजोबांना कुजबुज कळत नाही, तेच आजोबा मोरीत स्टीलचं ताट पडलं की दचकून रागावतात. ऑनलाइन हजार-दोन हजारांत मिळणारे साधे ‘कानाचे ॲम्प्लिफायर’ इथेच हरतात. ते बहुधा सगळंच सारखं वाढवतात. चांगलं मशीन हलक्या आवाजाला जास्त, बोलण्याला मध्यम आणि ताटाच्या आवाजाला अगदी थोडा जोर देतं. शिवाय प्रत्येक सुराच्या पट्टीत वेगळा. पैसे या कामाचे द्यायचे असतात.

आरआयसी

यात माइक, चिप आणि बॅटरी कानामागच्या लहान डबीत असतात. रिसीव्हर, म्हणजे कानात आवाज सोडणारा छोटा स्पीकर, तारेच्या टोकाला बसतो आणि त्यावर सिलिकॉनची टोपी, म्हणजे डोम, चढवतात. उघडा, भोकांचा डोम असेल तर खालचे सूर नैसर्गिकरीत्या आत-बाहेर होतात. ज्यांचे खालचे सूर शाबूत आहेत आणि वरचे गेले आहेत, त्यांच्यासाठी ही घडण मापाची आहे. कान पूर्ण बंद केला की स्वतःचाच आवाज हंड्यात बोलल्यासारखा घुमतो. मशीन काढून ठेवण्याचं हे मोठं कारण आहे आणि उघड्या डोममुळे ते टळतं.

आयुष्याच्या दृष्टीने हिचा गुण म्हणजे सर्वांत लवकर बिघडणारा भाग वेगळा काढता येतो. रिसीव्हर वर्ष-दोन वर्षांत दमतो, कारण तो मळ आणि वाफ यांच्यातच राहतो. तो बदलायला ऑडिओलॉजिस्टला, म्हणजे श्रवणतज्ज्ञाला, काही मिनिटं लागतात, मशीन कंपनीकडे पाठवावं लागत नाही. ऐकणं आणखी उतरलं तर त्याच डबीला जास्त ताकदीचा रिसीव्हर लावता येतो. विकत घेताना आज लागणाऱ्या ताकदीच्या वर किमान एक पायरी शिल्लक आहे ना, हे विचारा. पाच वर्षं मशीन वापरायचं असेल तर हा प्रश्न चॅनेलच्या, म्हणजे आवाज वेगवेगळा वाढवता येणाऱ्या सुरांच्या पट्ट्यांच्या, आकड्यापेक्षा मोलाचा आहे. चॅनेल १६च्या पुढे २४, ३२, ४८ झाले म्हणून बोलणं त्या प्रमाणात जास्त कळतं, असं होत नाही.

दोष एकच, पण रोजचा. रिसीव्हरच्या टोकाला मळ अडवणारं पांढरं फिल्टर असतं. मोहरीपेक्षाही लहान. ते बुजलं की मशीन ‘मेलं’ असं वाटतं. दुरुस्तीला आलेल्या ‘बंद’ मशीनमध्ये सर्वांत आधी पाहायची जागा हीच. चष्मा लावा, खिडकीजवळ बसा, खाली पांढरा रुमाल पसरा. डोम ओढून काढा. रिसीव्हरच्या तोंडाशी पांढरं गोल दिसायला हवं. पिवळं किंवा तपकिरी दिसलं तर ते भरलं आहे. ओटिकॉनच्या प्रोवॅक्स मिनीफिटसारख्या काडीला दोन टोकं असतात. रिकामं टोक जुन्या फिल्टरमध्ये सरळ दाबा आणि सरळच ओढा, वाकडं केलं की कडा मोडते. मग काडी उलटी करून नवं फिल्टर दाबून बसवा. फोनाकच्या सेरूशील्ड चकतीत हेच काम चकती फिरवून होतं. एका कंपनीचं फिल्टर दुसरीला बसत नाही. जबरदस्तीने बसवलं तर आत पडतं आणि रिसीव्हरच बदलावा लागतो. साधारण महिन्यातून एकदा बदला. ज्यांचा मळ पातळ आहे त्यांनी दर पंधरवड्याला. टाचणीने किंवा सुईने कोरणं मात्र कधीच नको. जाळी फाटली की मळ थेट पडद्यापर्यंत, म्हणजे रिसीव्हरच्या पडद्यापर्यंत जातो.

डोम दोन-तीन महिन्यांनी बदलायचा. परत चढवल्यावर हलकेच ओढून पाहा, सैल डोम कानात राहून जातो. तसं झालं तर घरी चिमट्याने काढायला जाऊ नका.

चार्जिंग की बटन-बॅटरी

आता बहुतेक आरआयसी लिथियम-आयनवर येतात. तीन-चार तास चार्ज केलं की दिवसभर चालतात. फोनवरचं बोलणं किंवा टीव्हीचा आवाज थेट मशीनमध्ये घेतला की वेळ कमी होतो. नवी असताना ही बॅटरी रात्रीपर्यंत सहज पुरते. चौथ्या-पाचव्या वर्षी संध्याकाळच्या बातम्यांच्या वेळी मशीन बंद पडू लागलं तर ते म्हातारपण आहे, बिघाड नव्हे. बऱ्याच मॉडेलमध्ये ही बॅटरी सीलबंद असते आणि ती कंपनीच्या सेवा केंद्रातच बदलते. तिची किंमत आणि लागणारे दिवस खरेदीच्या वेळीच लिहून घ्या. जिथे वीज जाते तिथे ज्या चार्जिंग-डबीत स्वतःची साठवण बॅटरी आहे तीच घ्यावी. काही डब्या भिंतीतल्या वीजपुरवठ्याशिवाय काहीच करत नाहीत. उन्हात उभ्या गाडीत डबी ठेवू नका, लिथियमचं आयुष्य उष्णतेने सर्वांत जास्त घटतं.

बटन-बॅटरी झिंक-एअर जातीची असते. तिच्या पाठीवर बारीक भोकं असतात आणि स्टिकर काढला की हवेतला ऑक्सिजन आत जाऊन ती जागी होते. स्टिकरच्या रंगावरून माप कळतं: १० पिवळा, ३१२ तपकिरी, १३ केशरी, ६७५ निळा. स्टिकर काढल्यावर लगेच घालू नका, दोन-तीन मिनिटं उघडी ठेवा. घाई केली की व्होल्टेज पूर्ण चढत नाही आणि नवी बॅटरीसुद्धा ‘खराब निघाली’ असं वाटतं. स्टिकर पुन्हा चिकटवून ती थांबत नाही. व्होल्टेज शेवटपर्यंत जवळपास सपाट राहतं आणि एकदम कोसळतं, म्हणून खिशात नेहमी एक पाकीट हवं. फ्रिजमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्यावर त्यावर पाणी धरतं.

खर्चाचा हिशेब असा. ३१२ची बॅटरी आठवडाभर चालली तर दोन कानांना वर्षाला १०४ लागतात, म्हणजे सहाच्या पाकिटांची साधारण १८. पाकिटाला २०० ते ३०० रुपये धरले तर वर्षाला ३,६०० ते ५,४००, आणि पाच वर्षांत १८,००० ते २७,०००. चार्जिंगच्या मॉडेलसाठी मोजलेले जादा पैसे या रकमेशी ताडून पाहा. पण निर्णय केवळ पैशावर घेऊ नका. थरथरत्या बोटांनी ३१२ची बॅटरी बदलणं जमत नसेल तर चार्जिंगच हवं. उलट, जिथे दोन-दोन दिवस वीज येत नाही तिथे केशरी स्टिकरची १३ नंबर जास्त भरवशाची.

घरात लहान मूल असेल तर वापरलेल्या बॅटऱ्याही झाकणाच्या डबीत ठेवा. गिळली गेली तर वाट न पाहता रुग्णालय गाठायचं.

बीटीई

घरोघरी ‘कानाचं मशीन’ म्हणून डोळ्यांसमोर येतं ते हेच. सगळं यंत्र कानामागे, आवाज पारदर्शक नळीतून मोल्डमध्ये. टिकाऊपणात याचा पहिला नंबर, कारण रिसीव्हर कानाच्या बाहेर, मळापासून दूर राहतो. तीव्र श्रवणदोषाला लागणारी ताकद देण्यात आणि मोठ्या बॅटरीमुळे चालण्यात तेच पुढे. मुलांसाठी हीच घडण, कारण कान वाढला की फक्त मोल्ड बदलायचा. लहान मुलांत तो काही महिन्यांतच सैल होतो.

मशीनपेक्षा मोल्ड आणि नळी जास्त सांभाळावी लागतात. नळी तीन ते सहा महिन्यांत पिवळी पडून कडक होते, आखडते आणि मोल्डला ओढते. मग फट पडते, बाहेर निसटलेला आवाज माइकमध्ये परत शिरतो आणि शिट्टी वाजते. ‘मशीन शिट्टी मारतं’ या तक्रारीवर आवाज कमी करून देणारे आहेत. ते चूक आहे, त्याने ऐकणंच कमी होतं. शिट्टीचं कारण शोधायचं: कडक नळी, सैल मोल्ड, वजन उतरल्यामुळे बदललेला कान, नाहीतर कानातला मळाचा बोळा, जो आवाज परत फेकतो. नळी बदलणं हे अगदी स्वस्त काम आहे.

मोल्ड धुता येतो, मशीन नाही. नळी कानावर अडकणाऱ्या हुकपासून सोडवा, मोल्ड कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा, रबरी फुग्याने नळीतलं पाणी उडवा आणि रात्रभर वाळू द्या. वातानुकूलित खोलीतून उन्हात गेल्यावर नळीत थेंब धरतात. त्यांनी आवाज तुटक येतो. तेव्हाही हाच फुगा कामाला येतो.

सीआयसी

दिसत नाही, हा याचा एकमेव मोठा गुण. फोन नेहमीसारखा कानाला लावता येतो आणि बाहेरच्या कानाच्या आकाराचा नैसर्गिक उपयोग होतो, हे दोन लहान गुण. आता मळाची जागा आठवा. कान ज्या भागात मळ तयार करतो, नेमका तिथेच हा सगळा यंत्रसंभार बसतो. रिसीव्हर, माइक, चिप, बॅटरी सगळं एकाच कवचात असल्यामुळे एक भाग बिघडला तरी पूर्ण मशीन कंपनीत जातं आणि माणूस तितके दिवस मशीनविना राहतो. जागा नसल्याने बहुधा एकच माइक असतो. दोन माइक मिळून समोरचा आवाज वेगळा काढतात ती सोय इथे नसते. लग्नाच्या हॉलमध्ये किंवा हॉटेलात याचा फरक जाणवतो. पिवळ्या स्टिकरची १० नंबर बॅटरी हाताळायला अवघड आणि जेमतेम काही दिवसांची. सिग्नियाच्या सिल्क चार्ज अँड गोसारखी चार्ज होणारी मॉडेल आल्याने ही एक अडचण सुटली आहे, मळाची नाही. कानाची नळी रुंद, मळ कोरडा, श्रवणदोष सौम्य ते मध्यम आणि बोटं चपळ, अशा माणसाला सीआयसी छान जमतं. बाकीच्यांना नको.

आपली हवा, आपलं तेल

मशीनच्या डबीवर आयपी६८, म्हणजे धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा, लिहिलेला असतो. पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. ती चाचणी नव्या यंत्रावर, गोड्या पाण्यात होते. घामात मीठ असतं, आणि मीठ बॅटरीच्या खाचेतल्या पत्र्यांवर चढतं. बॅटरीचं दार उघडल्यावर हिरवट किंवा पांढरी पूड दिसली तर ती हीच. कोरड्या कापडाने पुसा, लवकर दाखवा. आयपी६८ आहे म्हणून मशीन घालून आंघोळ करू नका, साबण जाळीतली पाणी अडवण्याची ताकद घालवतो.

कोकणात आणि मुंबईत जूनपासून चार महिने हवेत इतका ओलावा असतो की रोज रात्री मशीन वाळवण्याच्या डबीत ठेवणं हाच देखभालीचा मुख्य भाग ठरतो. साधी सिलिका जेलची डबी पुरते. दाण्यांचा रंग बदलला की ते बदला किंवा सूचनेप्रमाणे तापवून वाळवा. रंग उडालेले दाणे काहीच शोषत नाहीत. झिंक-एअर बॅटरी मात्र काढून बाहेर ठेवा. सिलिका तिच्यातलाही ओलावा ओढून घेते आणि ती वेळेआधी संपते. मशीनचं दार रात्रभर उघडं राहू द्या.

खोबरेल तेल, केसांचा कलप आणि पावडर हे माइकच्या जाळीचे तीन शत्रू. माइक कानाच्या वरच्या बाजूला, म्हणजे नेमका तेल लावलेल्या केसांना लागून असतो. क्रम पाळा: तेल-फणी आधी, हात पुसून मशीन शेवटी. कानात तेल घालण्याची सवय मशीनवाल्यांनी सोडलीच पाहिजे. तेलाने मळ पातळ होऊन थेट रिसीव्हरमध्ये शिरतो.

सेटिंग

याबद्दल आम्ही ठाम आहोत: दोन लाखांचं चुकीचं सेट केलेलं मशीन चाळीस हजारांच्या नीट सेट केलेल्या मशीनपुढे हरतं. संगणकावर ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीचा आलेख, भरून ‘फर्स्ट फिट’चं बटण दाबलं की कंपनीचा अंदाज मिळतो. पण प्रत्येक कानाची नळी वेगळी, म्हणून पडद्यापाशी प्रत्यक्षात किती आवाज पोचतो हे मोजावं लागतं. त्यासाठी एक मऊ, बारीक नळी पडद्यापासून सुमारे ५ मिलिमीटरवर ठेवून, मशीन चालू असताना मोजणी करतात. हिला रिअल इअर मेजरमेंट म्हणतात. ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल अकूस्टिक लॅबोरेटरीजचं ‘नाल-एनएल२’ हे सूत्र, किती आवाज पोचायला हवा याचं लक्ष्य म्हणून वापरलं जातं. फोनवर वेळ घेतानाच विचारा: ही मोजणी करता का? नाही म्हणाले तर दुसरीकडे चौकशी करा.

आणखी तीन प्रश्न. ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी, आवाजबंद खोलीत होते का, आणि शब्द ओळखण्याची चाचणी घेतात का? ती कमी आली तर आवाज कितीही वाढवून शब्द पुरेसे कळणार नाहीत, हे आधीच कळलेलं बरं. ऑडिओलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का? आणि मशीन ‘लॉक’ आहे का? काही साखळी दुकानांत विकलेली मशीनं त्यांच्याच सॉफ्टवेअरवर उघडतात. गाव बदललं किंवा दुकान बंद झालं की चांगलं मशीनही निरुपयोगी होतं.

एकाच कानाला महाग मशीन की दोन्ही कानांना स्वस्त? दोन्ही कानांना दोष असेल तर दोन. आवाज कुठून आला हे मेंदू दोन कानांत पोचण्याच्या वेळेतल्या फरकावरून ठरवतो. तो फरक जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोन तृतीयांश इतका असतो. एकाच कानाला मशीन लावून हे साधत नाही, आणि रस्ता ओलांडताना हॉर्न कुठून वाजला हे कळणं चैनीची गोष्ट नाही.

फोनचंही पाहून घ्या. ब्लूटूथ जोडणी सगळ्या मशीनची सगळ्या फोनशी जुळत नाही. फोनाकच्या ब्लूटूथ असलेल्या आरआयसी मॉडेलचा फायदा असा की ती जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथवर, अगदी बटणांच्या साध्या फोनशीही जुळतात. आजी-आजोबांकडे तसाच फोन असेल तर हा मुद्दा निर्णायक ठरतो.

सुरुवातीचे काही आठवडे पंख्याचा, कागदाचा, स्वतःच्या पावलांचा आवाज फार वाटतो. मेंदूला सवय व्हायला चार ते बारा आठवडे लागतात. रोज किमान सात-आठ तास घातलं तरच. ‘बाहेर जाताना घालतो’ असं केलं तर सवय होतच नाही.

रोज सकाळी घरातल्याने दोन मीटरवरून, तोंड झाकून सहा आवाज काढावेत: म, ऊ, आ, ई, श, स. ऐकणाऱ्याने तसेच म्हणून दाखवायचे. काल ‘स’ येत होता आणि आज येत नाही, तर फिल्टर पाहा. एका मिनिटाची ही तपासणी अनेक खेपा वाचवते.

पैसे आणि योजना

जोडीच्या किमती तीस-चाळीस हजारांपासून चार-पाच लाखांपर्यंत जातात. श्रवणयंत्रावर जीएसटी शून्य आहे, बिलात तो लावला असेल तर विचारा. सव्वा लाखाची जोडी पाच वर्षं, रोज १२ तास वापरली तर सुमारे २१,९०० तास होतात. दिवसाला साधारण ६८ रुपये. तीच जोडी दोन वर्षांत कपाटात गेली तर दिवसाला १७१.

वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत तपासणीपासून मोल्डपर्यंत सगळं एका ठिकाणी होतं. ही संस्था १९८३पासून आहे. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून उत्पन्नाच्या अटीवर यंत्रं मिळतात. दारिद्र्यरेषेखालच्या किंवा कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांसाठी २०१७ची राष्ट्रीय वयोश्री योजना आहे. राज्याच्या २०२४च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या पात्र नागरिकांना एकदा ३,००० रुपये थेट खात्यात मिळतात. त्यात चांगलं डिजिटल मशीन येत नाही, पण मोल्ड आणि काही महिन्यांच्या बॅटऱ्या नक्की येतात. शिबिरात मिळालेलं मशीनही टाकून देऊ नका. ऑडिओलॉजिस्टकडून मापाचा मोल्ड आणि सेटिंग करून घेतलं की त्यातली अनेक मशीनं नीट चालतात.

बदलायचं कधी

नवं फिल्टर, नवा डोम, नवा रिसीव्हर, कान साफ, सेटिंग ताजं, आणि तरीही बोलणं कळत नसेल तर बदलण्याचा विचार करावा. ऐकणं मशीनच्या ताकदीबाहेर गेलं असेल, कंपनीने त्या मॉडेलचे भाग देणं बंद केलं असेल किंवा दुरुस्ती नव्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर जात असेल तेव्हाही. केवळ नवं मॉडेल आलं म्हणून तीन वर्षांत बदलण्याची गरज नाही. वर्षातून एकदा ऑडिओग्राम मात्र काढाच.

एका गोष्टीत मशीनची वाट पाहायची नाही. एका कानाचं ऐकणं एक-दोन दिवसांत अचानक गेलं तर ते मळामुळे असेल असं धरून चालू नका. त्याच दिवशी, फार तर तीन दिवसांत, कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. त्यावरचे उपचार जितके लवकर, तितके उपयोगी.

नवं घेतल्यावर जुनं मशीन शेजाऱ्यांच्या आजींना तसंच देऊ नका. ते दुसऱ्या कानाच्या मापाने सेट केलेलं असतं आणि जास्त ताकदीचं असेल तर त्यांचं उरलेलं ऐकणंही बिघडवू शकतं. ते आपल्याकडेच राखीव ठेवा. बटन-बॅटरीचं असेल तर बॅटरी काढून सिलिकाच्या डबीत. चार्जिंगचं असेल तर दोन-तीन महिन्यांनी एकदा चार्ज करून बंद करून ठेवा, नाहीतर बॅटरी पूर्ण उतरून पुन्हा उठत नाही. नव्याचा रिसीव्हर ऐन गणपतीत गेला आणि घर पाहुण्यांनी भरलेलं असलं, तर हेच कामाला येतं.